अँटिबायोटिकनंतर काहीतरी बिनसलंय आणि निदान होत नाहीये, तेव्हा काय करायचं

टाच दुखायला लागली तेव्हा मी दोष बुटांना दिला. बूट बदलले. मग दोष चालण्याला दिला आणि चालणंच बंद केलं. पहिल्या डॉक्टरांनी हाड वाढल्याचं सांगितलं, दुसऱ्यांनी वजनाकडे बोट दाखवलं. चौथ्या महिन्यात तिसऱ्या डॉक्टरांनी टाचेला हात लावायच्या आधीच विचारलं, "हे सुरू होण्याआधी कोणती औषधं घेतली होतीत?" सायनससाठी घेतलेला लेव्होफ्लॉक्सासिनचा दहा दिवसांचा कोर्स मी तोवर पार विसरलो होतो. घरी येऊन जुनी चिठ्ठी शोधली, तारखा जुळवल्या. दुखणं कोर्सच्या आठव्या दिवशी सुरू झालं होतं.

पहिल्या दोन डॉक्टरांवर माझा राग नाही. औषध एकाने दिलं, टाच दुसऱ्याने पाहिली आणि मधली कडी फक्त माझ्याकडे होती. ती मी कुणाला दिलीच नाही. अशा आजारपणात निदान लांबतं ते बहुतेकदा असंच. माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते आणि ती एका कागदावर आणणं पेशंटशिवाय कुणाला जमण्यासारखं नसतं. मी डॉक्टर नाही. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते डॉक्टरांपर्यंत नीट पोचण्यासाठी आहे, त्यांना टाळण्यासाठी नाही.

आधी हे पाहा: थांबायला वेळ आहे का?

काही लक्षणं दिसली तर हा लेख बाजूला ठेवून थेट इमर्जन्सी विभाग गाठायचा.

गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, घसा आवळल्यासारखा झाला, धाप लागली किंवा भोवळ आली, तर ती तीव्र अ‍ॅलर्जी असू शकते. यावरचं पहिलं औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. पेशंटला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. श्वास घेता येत नसेल तर टेकून बसवा, पण उभं करू नका किंवा चालवू नका. बरं वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली राहावं लागतं, कारण लक्षणं परत उसळू शकतात.

दुसरा प्रकार सावकाश येतो आणि म्हणून फसवतो. ताप, डोळ्यांची आग, तोंडात किंवा जननेंद्रियांवर फोड, कातडीला नुसता स्पर्श झाला तरी दुखणं, मग कातडी सुटणं: ही स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची चाहूल असू शकते. औषध सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांच्या दरम्यान हे दिसतं. सल्फा गटातल्या को-ट्रायमोक्साझोलचं नाव यात वारंवार येतं. त्याहूनही उशिरा, दोन ते आठ आठवड्यांनी, ताप, पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि गळ्यातल्या गाठी असं एकत्र आलं तर डॉक्टरांच्या मनात 'ड्रेस' नावाची प्रतिक्रिया यायला हवी. यात यकृत आणि मूत्रपिंडही सापडतात.

याशिवाय डोळे पिवळे होणं, शौचातून रक्त, पोटात असह्य दुखणं, छातीत धडधडून शुद्ध हरपणं, झटके, अचानक बरळणं, आत्महत्येचे विचार, नजर किंवा ऐकू येणं एकाएकी कमी होणं, टाचेत फटका बसल्यासारखा 'फट्' आवाज होऊन पाय टेकता न येणं. छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक फाटल्यासारखी कळ आली आणि औषध फ्लुओरोक्विनोलोन गटातलं (सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन वगैरे) असेल, तर ते औषध घेतल्याचं इमर्जन्सीत पहिल्याच वाक्यात सांगा. या गटाचा महाधमनी फुगण्या-फाटण्याशी संबंध असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१८ मध्ये दिलेला आहे.

गोळी बंद करायची की नाही

याचं एकच उत्तर नाही. मळमळ, तोंडाला धातूसारखी चव (मेट्रोनिडाझोलची ओळखच ती), दिवसातून एखाद-दोनदा पातळ शौचास होणं, यासाठी कोर्स अर्धवट सोडू नये. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि नायट्रोफ्युरँटॉइनने गडद पिवळी किंवा तपकिरी होऊ शकते. एरवी ठीक असाल तर तो नुसता रंग असतो. पण लघवी गडद आणि सोबत डोळे पिवळे, अंगाला खाज किंवा शौचाचा रंग फिका असेल, तर मात्र तपासणी हवीच.

वर सांगितलेली गंभीर लक्षणं, फ्लुओरोक्विनोलोन घेताना कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखणं किंवा हातापायांत मुंग्या-जळजळ सुरू होणं, तापासह पुरळ येणं, या वेळी पुढचा डोस घ्यायच्या आधी, त्याच दिवशी, औषध लिहून देणाऱ्याशी बोला. ते भेटत नसतील तर दुसरा डॉक्टर किंवा फार्मासिस्ट गाठा. विचारायचं असं: "ही गोळी थांबवतो, पण संसर्गासाठी तिच्या जागी काय घेऊ?" गोळी थांबणं वेगळं आणि उपचार थांबणं वेगळं. क्षयरोग, हाडांचा किंवा हृदयाच्या झडपांचा संसर्ग असेल तर आपल्या मनाने एक औषध वगळणं दुष्परिणामापेक्षाही महागात पडतं. क्षयरोगात त्यामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

पातळ शौचाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पाण्यासारखं होत असेल तर जुलाब थांबवणारी गोळी आपणहून घेऊ नका. अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जंतू माजू शकतो. कोर्स संपून दोन-तीन महिने होईपर्यंतही हे घडू शकतं. म्हणून जुलाबाची तक्रार घेऊन जाल तेव्हा "दीड महिन्यापूर्वी अँटिबायोटिक घेतलं होतं" हे विचारलं नाही तरी सांगा. शौचाच्या नमुन्याची तपासणी त्या एका वाक्यावर अवलंबून असते.

एक पान, तारखांसकट

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, रिकाम्या स्ट्रिप आणि फोनमधले फोटो काढून बसा. बिलावर आणि फोटोवर तारीख असते. आठवणीवर विसंबू नका. माझ्या आठवणीनुसार दुखणं कोर्सनंतर महिनाभराने सुरू झालं होतं. कोर्स चालू असतानाच मित्राला पाठवलेला "आज टाच जाम दुखतेय" हा मेसेज नंतर सापडला.

औषधाच्या पहिल्या डोसाला 'दिवस १' म्हणा आणि बाकी सगळं त्यावरून मोजा. असं काहीसं:

दिवस १: लेव्होफ्लॉक्सासिन ५०० मि.ग्रॅ., दिवसातून एकदा, सायनससाठी. सोबत सूज उतरायला स्टिरॉइडची गोळी, पाच दिवस.
दिवस ८: डाव्या टाचेच्या मागे दुखणं. सकाळी उठताना जास्त. मार नाही, व्यायाम वाढवलेला नाही.
दिवस १०: कोर्स संपला.
दिवस २५: उजवीकडेही सुरू. जिना उतरताना कठडा धरावा लागतो.
दिवस ७०: एक्स-रे नॉर्मल.

कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचं नाव लिहा, कारण एकच औषध शंभर नावांनी मिळतं. डोस, कशासाठी दिलं, त्याच काळात घेतलेली बाकीची औषधं, तीही झाडून सगळी: आम्लपित्ताची गोळी, झोपेची, आयुर्वेदिक काढा, प्रोटीन पावडर. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल तर तोही, कारण औषध शरीराबाहेर टाकण्याचं काम त्यांचंच. हेच औषध पूर्वी घेतलं होतं का आणि तेव्हा काय झालं होतं, हे एका ओळीत. पुरळ असेल तर उजेडात, तारखेसह फोटो काढा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत ते मावळतं आणि मग डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.

लक्षणाचं वर्णन करताना 'खूप त्रास होतो' ऐवजी काय करता येत नाही ते लिहा. 'बटण लावता येत नाही', 'अंधारात चालताना भिंत धरावी लागते' यावरून डॉक्टरांना नेमकं कुठे तपासायचं ते कळतं. आणि पान एकच ठेवा. बावीस पानांची फाइल कुणी वाचत नाही.

कोणतं औषध काय करू शकतं

तारखा जुळवल्या की पुढचा प्रश्न: या औषधाने असं होतं का, आणि इतक्या उशिरा होतं का? स्ट्रिपसोबतची घडी घातलेली पत्रिका इथे कामाची. बारीक अक्षर आहे, पण वाचा.

फ्लुओरोक्विनोलोन म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. कंडरा सुजणं-तुटणं, बहुतेकदा टाचेमागची. साठीपुढचं वय, सोबत स्टिरॉइड आणि मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रत्यारोपण असेल तर धोका जास्त. त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होऊ शकतो किंवा कोर्सनंतर काही महिन्यांनी. हातापायांत जळजळ, मुंग्या, बधिरपणा, झोप उडणं, घबराट, रक्तातली साखर एकदम घसरणं हेही नोंदलं गेलेलं आहे. एफडीएने कंडरांबद्दलचा सर्वांत कडक, चौकटीतला इशारा २००८ मध्ये दिला आणि २०१६ मध्ये साध्या सायनस, ब्राँकायटिस आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला दुसरा पर्याय असताना ही औषधं देऊ नयेत असं सांगितलं. युरोपीय नियामकांनी त्यानंतर असेच निर्बंध आणले. सरसकट सगळ्यांना घाबरवावं असं हे औषध नाही, काही संसर्गांत तेच जीव वाचवतं. पण माझ्या सायनसला ते लागत होतं का, हा प्रश्न मी आता विचारतो.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड हे रोजच्या वापरातलं, आणि त्याने होणारी कावीळ कोर्स संपून कित्येक आठवडे झाल्यावरही येऊ शकते. तोवर त्या गोळ्या कुणाच्या ध्यानीमनी नसतात.

जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं आतल्या कानावर परिणाम करू शकतात. ऐकू कमी येतंच असं नाही. कधी फक्त तोल जातो: चालताना समोरचं दृश्य उड्या मारतंय असं वाटतं, अंधारात पाय लटपटतात, पण गरगरत नाही. अशा माणसाची श्रवणचाचणी नॉर्मल येते आणि त्याला 'टेन्शन आहे' म्हणून घरी पाठवतात. इथे तोलाच्या यंत्रणेची वेगळी तपासणी मागावी लागते.

लिनेझोलिड दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर रक्तपेशी कमी होऊ शकतात, महिन्यापुढे गेलं तर दृष्टीची नस आणि हातापायांच्या नसा बिघडू शकतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत ते घेतलं तर थरथर, घाम, अस्वस्थता येऊ शकते. मेट्रोनिडाझोल लांबलं की मुंग्या, क्वचित बोलणं आणि चालणं अडखळणं. आयसोनियाझिडने मुंग्या येतात, म्हणून त्याच्यासोबत बी-६ देतात. एथॅम्ब्युटॉलने लाल-हिरवा ओळखण्यात गोंधळ होतो. नायट्रोफ्युरँटॉइन महिनोन्महिने घेणाऱ्याला कोरडा खोकला आणि धाप लागली तर फुप्फुसं तपासायला हवीत. डॉक्सिसायक्लिनची गोळी कमी पाण्याने घेऊन लगेच आडवं झालं की अन्ननलिकेला व्रण पडतो आणि छातीत हृदयविकारासारखं दुखतं. भरपूर पाणी आणि अर्धा तास ताठ बसणं, एवढ्याने हे टळतं.

कावळा बसला आणि फांदी मोडली

आता स्वतःच्या संशयावरच संशय घ्यायचा. औषधानंतर घडलं म्हणजे औषधामुळेच घडलं असं नाही. काकतालीय न्याय म्हणतात तो हाच. ज्या संसर्गासाठी गोळी घेतली त्या संसर्गानेही पुरळ, सांधेदुखी, थकवा येतो. ग्रंथीज्वरात (घसा दुखून गळ्यात गाठी येणारा विषाणूचा आजार) अमॉक्सिसिलिन दिलं तर अंगभर पुरळ उठतं, आणि ती बहुधा पेनिसिलिनची कायमची अ‍ॅलर्जी नसते. सिफिलिस किंवा लेप्टोस्पायरोसिसमध्ये पहिल्या डोसानंतर चोवीस तासांत ताप-थंडी वाढते ती मरणाऱ्या जंतूंमुळे. मुंग्यांमागे मधुमेह, बी-१२ची कमतरता, थायरॉइड असू शकतं. स्नायू दुखण्यामागे कोलेस्टेरॉलची गोळी.

उलट चूकही तितकीच महाग. ज्यांच्या फाइलवर 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलेलं असतं त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना नीट तपासल्यावर ती नसल्याचं दिसतं. पण तो शिक्का राहिला की त्यांना आयुष्यभर दुसरी, अनेकदा जास्त त्रासदायक अँटिबायोटिक दिली जातात.

डॉक्टर आणि फार्मासिस्ट यासाठी नारान्यो मापनपट्टी वापरतात. ती १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा प्रश्न आहेत: हे दुष्परिणाम आधी नोंदले गेलेत का, औषधानंतरच सुरू झाले का, बंद केल्यावर कमी झाले का, दुसरं कारण असू शकतं का, वगैरे. नऊ किंवा जास्त गुण म्हणजे निश्चित, पाच ते आठ म्हणजे बहुधा, एक ते चार म्हणजे शक्य. 'पुन्हा दिल्यावर परत झालं का' असाही एक प्रश्न त्यात आहे. उत्तर मिळवायला म्हणून औषध परत घेऊन पाहू नका.

डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं

"मला क्विनोलोनचं विष झालंय, नेटवर वाचलं" असं म्हणत आत गेलात की पुढची नऊ मिनिटं नेटबद्दलच वाद होतो. अनुभवाने सांगतो. पान पुढे करा आणि म्हणा, "डॉक्टर, दुखणं या औषधाच्या आठव्या दिवशी सुरू झालं. संबंध असू शकतो का? नसेल तर तुमच्या मते दुसरं काय असावं, आणि ते कसं तपासायचं?"

उत्तर 'नाही' आलं तरी चालेल, पण ते कशावरून हे विचारा. शंका केस पेपरवर लिहायची विनंती करा: 'पेशंटला अमुक औषधाचा संशय' एवढी ओळ पुरते. पुढच्या डॉक्टरांसाठी तीच ती हरवलेली कडी. निघताना पुन्हा कधी यायचं आणि काय झालं तर त्याआधी यायचं, ते विचारून घ्या.

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ समजून घ्या. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. नसांची नेहमीची विद्युत चाचणी जाड तंतू मोजते. जळजळ बारीक तंतूंमुळे असेल तर ती नॉर्मल येते आणि कातडीच्या छोट्या तुकड्याची तपासणी करावी लागू शकते. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे त्या चाचणीला जे दिसतं ते नॉर्मल, इतकंच. मात्र सगळ्या चाचण्या एकदम मागू नका. प्रत्येक चाचणीआधी एक प्रश्न: तिच्या निकालावरून उपचार बदलणार आहेत का?

दोन-तीन भेटींत गाडं पुढे सरकत नसेल तर दुसरं मत घ्या. अवयवाच्या तज्ज्ञाकडे जाता तसं मोठ्या रुग्णालयातल्या औषधशास्त्र विभागात किंवा क्लिनिकल फार्मासिस्टकडेही जाता येतं. हे फारसं कुणाला सुचत नाही.

उत्तर मिळेपर्यंत

दुखऱ्या कंडरेला ताण देऊन 'मोकळी' करायला जाऊ नका. तिथे स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर आधीचं औषध सांगून मगच निर्णय घ्या. व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आणि अगदी कमीपासून. मला पहिले तीन आठवडे दिवसाला पाचच मिनिटं चालायची परवानगी होती आणि मी ती दोनदा मोडली. दोन्ही वेळा आठवडा मागे गेलो.

शरीर 'शुद्ध' करणाऱ्या सलाइन आणि महागडी पूरक पाकिटं यांच्यापासून लांब राहा. मुंग्या येतात म्हणून लोक बी-कॉम्प्लेक्सवर बी-कॉम्प्लेक्स घेतात. पण बी-६ मोठ्या प्रमाणात बराच काळ घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, म्हणजे रोग आणि औषध दोन्ही एकच. आधी रक्तातलं प्रमाण तपासा.

समदुःखी लोकांचे ऑनलाइन गट मलाही आधार देऊन गेले. पण बरे झालेले तिथून निघून जातात आणि मागे उरतात ते बरे न झालेले. रात्री दोन वाजता ते वाचलं की सगळ्यांचं तसंच होतं असं वाटतं. मी वाचायची वेळ दुपारची ठेवली. झोप उडाली असेल, मन सतत घाबरं असेल तर तेही लक्षण म्हणून पानावर लिहा. औषधाने आलं की आजारपणाने, उपचार दोन्हीवर आहेत.

नोंद आणि कार्ड

संशयित दुष्परिणाम कळवण्यासाठी बहुतेक देशांत राष्ट्रीय औषध-सुरक्षा केंद्र असतं आणि अनेक ठिकाणी पेशंट स्वतः अर्ज भरू शकतो. सिद्ध करावं लागत नाही, संशय पुरतो. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये या नोंदी एकत्र करण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या आज स्वीडनमधल्या उप्साला इथे जमा होतात. वर सांगितलेले इशारे अशाच नोंदींच्या आधारे आलेले असतात. अर्जात स्ट्रिपवरचा बॅच क्रमांक विचारतात, म्हणून रिकामी स्ट्रिप फेकू नका.

शेवटी पाकिटात ठेवायला एक कार्ड करा. त्यावर 'अ‍ॅलर्जी' आणि 'दुष्परिणाम' यांत गल्लत नको: गांधी आणि घसा सुजणं ही अ‍ॅलर्जी, कंडरा दुखणं हा दुष्परिणाम, पोट बिघडणं हाही दुष्परिणामच. औषधासोबत गटाचं नाव हवं, नाहीतर लेव्होफ्लॉक्सासिन टाळून मॉक्सिफ्लॉक्सासिन हातात पडतं. माझ्या कार्डावर असं आहे: 'लेव्होफ्लॉक्सासिन, दिवस ८, दोन्ही टाचांच्या कंडरांना सूज, सोबत स्टिरॉइड होतं, सोनोग्राफीत दिसलं. फ्लुओरोक्विनोलोन गट दुसरा पर्याय नसेल तरच. पेनिसिलिन चालतं.' ती शेवटची दोन शब्दांची ओळ डॉक्टरांनी सांगून लिहून घेतली. काय चालत नाही यापेक्षा काय चालतं, हे त्यांना आधी हवं असतं.